माशांची संवेदने व पाण्यातील दिशाज्ञान : एक विवेचन

सारांश :
पाण्यात प्रकाश फार दूर जात नाही. पावसाळ्यातील गढूळ नदीत तर तो वीतभरही पोहोचत नाही. तरीही मासे प्रवाहाविरुद्ध चढतात, थव्याने वळतात, भक्ष्य शोधतात आणि काही जाती हजारो किलोमीटरचा प्रवास करून जन्मस्थानी परततात. हे केवळ दृष्टीच्या बळावर होत नाही. पार्श्वरेषा, श्रवण, घ्राण, विद्युत् संवेदन व चुंबकीय संवेदन यांची एक साखळी त्यामागे असते आणि या साखळीतील प्रत्येक दुवा निरनिराळ्या अंतरावर उपयोगी पडतो. प्रस्तुत लेखात या संवेदनांची रचना व कार्य यांचे विवेचन केले असून, पाण्याची गुणवत्ता ठरवताना 'मासा जिवंत आहे का' एवढाच प्रश्न विचारणे अपुरे का आहे, हे दाखविण्याचा प्रयत्न केला आहे.

बीजसंज्ञा : पार्श्वरेषा, केशपेशी, कर्णाश्म, वाताशय, घ्राण, विद्युत् संवेदन, चुंबकीय क्षेत्र, जलप्रदूषण

प्रस्तावना :
मृगाच्या पहिल्या सरी कोसळल्या की कोकणातील ओढे तांबड्या पाण्याने भरून वाहू लागतात. याच पाण्यातून नदीतील मासे अंडी घालण्यासाठी उलट दिशेने वर येतात, ओढ्यांत शिरतात, भाताच्या खाचरांपर्यंत पोहोचतात. रत्नागिरी-सिंधुदुर्गाकडे त्यांना 'चढणीचे मासे' म्हणतात, तर रायगडच्या बाजूला 'वलगणीचे मासे' हा शब्द रूढ आहे. हे चढणे पुष्कळदा रात्री होते. वर काळोख, खाली गाळाने दाट झालेले पाणी, अशा स्थितीत डोळ्यांचा उपयोग नगण्य असतो. मग मासा प्रवाहाची दिशा कशी ओळखतो? दगडावर न आपटता कसा पुढे सरकतो? योग्य ओढा कसा निवडतो?

हे प्रश्न वरकरणी साधे वाटतात. परंतु त्यांची उत्तरे शोधताना प्राणिशास्त्राला अशा इंद्रियांचा शोध लागला, की ज्यांच्याशी तुलना करता येईल असे काहीही मानवी शरीरात नाही. आपण पाच ज्ञानेंद्रियांच्या कल्पनेतून जगाकडे पाहतो. माशाचे जग त्या चौकटीत मावत नाही.

उद्दिष्टे :
१) पाणी या माध्यमाचे संवेदनाच्या दृष्टीने असलेले वेगळेपण स्पष्ट करणे.
२) माशांच्या प्रमुख संवेदनांची रचना व कार्यपद्धती समजून घेणे.
३) या संवेदना परस्परांना कशा पूरक ठरतात याचा विचार करणे.
४) मानवी हस्तक्षेपाचा या संवेदनांवर होणारा परिणाम तपासणे.

१. पाणी : एक वेगळे माध्यम

जमिनीवरील प्राण्यांसाठी हवा हे जवळजवळ पारदर्शक व हलके माध्यम आहे. पाणी हवेच्या सुमारे आठशे पट घन आहे. प्रकाशाला ते लवकर शोषून घेते. लाल रंग पहिल्या काही मीटरांतच नाहीसा होतो, स्वच्छ समुद्रातही सुमारे २०० मीटर खोलीनंतर वनस्पतींना पुरेल एवढा प्रकाश उरत नाही आणि १,००० मीटरच्या खाली सूर्यप्रकाश पोहोचत नाही. याउलट ध्वनीच्या बाबतीत पाणी उदार आहे. हवेत ध्वनीचा वेग सेकंदाला सुमारे ३४० मीटर असतो, तर पाण्यात तो सुमारे १,५०० मीटर असतो आणि ध्वनी क्षीण न होता दूरवर जातो. पाण्यात पदार्थ विरघळतात, म्हणून गंध प्रवाहाबरोबर वाहत जातो. क्षारयुक्त पाणी विजेचे वहनही करते. शिवाय पाण्यातील प्रत्येक हालचाल आपल्याभोवती तरंग व दाबाचे फरक निर्माण करते.

उथळ व स्वच्छ पाण्यात माशांना दृष्टीचा चांगला उपयोग होतो, खुणा लक्षात ठेवता येतात आणि काही जाती सूर्याच्या स्थानावरूनही दिशा ठरवतात. परंतु जिथे प्रकाश संपतो तिथे माहितीचे इतर मार्ग खुले असतात. उत्क्रांतीच्या ओघात माशांनी हे सर्व मार्ग वापरात आणले आहेत.

२. पार्श्वरेषा : दुरून होणारा स्पर्श

बाजारात रोहू विकत घेताना त्याच्या कुशीकडे लक्षपूर्वक पाहिले, तर कल्ल्यामागून शेपटीपर्यंत गेलेली बारीक ठिपक्यांची एक रेघ दिसते. हीच पार्श्वरेषा होय. त्या रेघेतील खवल्यांना छिद्रे असतात आणि ती छिद्रे कातडीखालील एका अरुंद नळीत उघडतात. या नळीचे फाटे डोक्यावरही पसरलेले असतात.

सतराव्या शतकात नील्स स्टेन्सन या डॅनिश शास्त्रज्ञाने ही छिद्रे पाहिली. माशाच्या अंगावरील चिकट द्रव त्यांतून स्रवतो, अशी समजूत त्यानंतर दीर्घकाळ टिकली. १८५० मध्ये फ्रान्ट्स लायडिश या जर्मन शास्त्रज्ञाने हे ज्ञानेंद्रिय असल्याचे सूक्ष्मदर्शकाच्या साहाय्याने दाखवले. १९०८ मध्ये ब्रुनो होफर यांनी ते पाण्याच्या मंद प्रवाहांना प्रतिसाद देते, असे प्रयोगांनी सिद्ध केले. पुढे स्वेन डाइकग्राफ या डच शास्त्रज्ञाने या संवेदनेचे वर्णन 'दुरून होणारा स्पर्श' असे केले. ते आजही समर्पक वाटते.

या इंद्रियाचे मूलभूत एकक म्हणजे केशपेशींचा एक लहानसा पुंजका. प्रत्येक केशपेशीच्या टोकाला अतिसूक्ष्म केसांचा झुबका असतो आणि या सर्व झुबक्यांवर जेलीसारख्या पदार्थाची टोपी असते. पाणी हलले की टोपी कलते, केस वाकतात आणि चेतातंतूंतून मेंदूकडे संदेश जातो. झुबक्यातील एक लांब केस बाजूला असल्यामुळे पेशीला वाकण्याची दिशाही कळते. शेजारच्या पेशी परस्परविरुद्ध दिशांना बसवलेल्या असतात, म्हणजे पाणी डोक्याकडून शेपटीकडे जाते आहे की उलट, हा भेद होतो.

असे पुंजके दोन ठिकाणी आढळतात. कातडीच्या पृष्ठभागावरील पुंजके प्रवाहाचा वेग ओळखतात. नळीतील पुंजके वेगातील बदल व दोन छिद्रांमधील दाबाचा फरक टिपतात. १९९७ मध्ये जॉन मॉन्टगोमेरी व त्यांच्या सहकाऱ्यांनी असे दाखवले, की मासा प्रवाहाकडे तोंड करून स्थिर राहतो त्यामागे पृष्ठभागावरील पुंजक्यांचा हात असतो. चढणीच्या माशाला काळोखात प्रवाह 'जाणवतो' त्याचा एक खुलासा येथे मिळतो.

पार्श्वरेषेची पोहोच मात्र मर्यादित आहे. साधारणपणे माशाच्या शरीराच्या एक-दोन लांबींइतक्या अंतरावरील हालचालीच तिला कळतात. परंतु त्या टप्प्यात तिची अचूकता विलक्षण असते. १९७६ मध्ये पिचर, पार्ट्रिज व वॉर्डल यांनी सेथ या सागरी माशांवर प्रयोग केला. डोळ्यांवर तात्पुरते आवरण घातलेला मासाही थव्यात आपली जागा राखून पोहू शकला. पार्श्वरेषेची चेतातंतूही तोडल्यानंतर मात्र त्याला ते जमेना.

मेक्सिकोतील गुहांमध्ये राहणारा आंधळा मासा हे याचे सर्वांत बोलके उदाहरण आहे. नदीत राहणारे त्याचे भाईबंद डोळस आहेत. गुहेतील माशाचे डोळे मात्र पिढ्यान्‌पिढ्यांच्या अंधारात लोप पावले आहेत. पोहताना त्याच्या शरीराभोवती पाण्याचा एक प्रवाह तयार होतो. समोर भिंत आली की या प्रवाहाचा आकार बदलतो आणि तो बदल पार्श्वरेषेला कळतो. नवीन जागेत सोडल्यावर हा मासा प्रथम वेगाने पोहत फिरतो. वेग वाढला की प्रवाहातील बदलही अधिक स्पष्ट होतात. परिसराची ओळख पटली की तो पुन्हा संथ होतो. याचा अर्थ त्याच्या मेंदूत जागेचा एक प्रकारचा नकाशा तयार होतो, असे अभ्यासक मानतात.

३. श्रवण : कर्णाश्म आणि वाताशय

माशाला बाहेरचा कान नसतो, म्हणून तो बहिरा असावा असा समज एके काळी होता. १९२३ मध्ये कार्ल फॉन फ्रिश यांनी शीळ घातल्यावर येणाऱ्या एका मार्जारमीनाची हकीकत प्रसिद्ध केली. खाद्य देताना शीळ घालण्याची सवय लावल्यावर तो मासा केवळ शीळ ऐकून बिळातून बाहेर येऊ लागला. मधमाश्यांच्या भाषेवरील कार्यासाठी पुढे १९७३ मध्ये नोबेल पारितोषिक मिळवणाऱ्या या शास्त्रज्ञाने माशांच्या श्रवणाचाही पाया असा घातला.

माशाचा कान कवटीच्या आत असतो. त्यात चुन्याचे लहान खडे असतात, त्यांना कर्णाश्म म्हणतात. माशाच्या शरीराची घनता जवळजवळ पाण्याइतकीच असते, त्यामुळे ध्वनीलहरी आली की शरीर पाण्याबरोबरच कंप पावते. कर्णाश्म मात्र शरीराच्या सुमारे तिप्पट जड असल्यामुळे मागे रेंगाळतो. या फरकामुळे त्याच्या खालच्या केशपेशी वाकतात आणि ध्वनी ऐकू येतो. पार्श्वरेषा व कान या दोहोंच्या मुळाशी एकाच प्रकारची पेशी आहे, ही गोष्ट येथे लक्षात घेण्यासारखी आहे. कर्णाश्मावर वाढीची वलये पडतात. त्यांवरून माशाचे वय काढण्याची पद्धत मत्स्यशास्त्रात सर्वत्र वापरली जाते.

पुष्कळ माशांच्या पोटात हवेने भरलेली पिशवी असते, तिला वाताशय म्हणतात. ध्वनीच्या दाबाने हवा आकुंचन-प्रसरण पावते आणि पिशवी थरथरते. रोहू, कटला, मृगळ, शिंगी व मागूर ज्या मोठ्या गटात मोडतात, त्या गटातील माशांमध्ये हे कंपन कानापर्यंत पोहोचवणारी लहान हाडांची एक साखळी असते. अर्न्स्ट हाइनरिश वेबर यांनी १८२० मध्ये तिचे वर्णन केल्यामुळे त्या हाडांना वेबरची अस्थिका म्हणतात. या हाडांमुळे आपल्या तळ्या-नद्यांतील हे मासे इतर अनेक माशांपेक्षा बरेच वरच्या पट्टीचे आवाज ऐकू शकतात.

समुद्रही नि:शब्द नाही. घोळ व ढोमा या माशांच्या वाताशयालगत विशेष स्नायू असतात, ते जलद आकुंचन पावले की ढोलासारखा आवाज होतो. घोळीच्या ज्या वाताशयाला निर्यातीच्या बाजारात मोठा भाव मिळतो, तेच तिच्या आवाजाचे साधन आहे. गोव्याच्या किनाऱ्याजवळ पाण्याखालील ध्वनिमुद्रणात माशांचे सामूहिक आवाज नोंदवले गेले आहेत.

हे आवाज वाट दाखवण्याचे कामही करतात. प्रवाळखडकांवर राहणाऱ्या अनेक माशांची पिले जन्मानंतर खुल्या समुद्रात वाहत जातात आणि काही आठवड्यांनी वस्तीसाठी खडक शोधत परततात. कोळंबीचे कडकड आवाज व माशांचा गलबला यांवरून त्यांना खडक सापडतो. ऑस्ट्रेलियातील लिझर्ड बेटाजवळ शास्त्रज्ञांनी प्रवाळ मेलेल्या जागी ध्वनिक्षेपकावरून निरोगी खडकाचा आवाज ४० दिवस ऐकवला. २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षानुसार, आवाज नसलेल्या जागांच्या तुलनेत तेथे माशांची संख्या दुप्पट झाली.

४. घ्राण : नदीची ओळख

माशाच्या नाकपुड्यांचा श्वसनाशी सहसा संबंध नसतो. पुढच्या छिद्रातून पाणी आत येते, पाकळ्यांसारख्या घड्यांवरून जाते आणि मागच्या छिद्रातून बाहेर पडते. या घड्यांवरील पेशी पाण्यात विरघळलेले पदार्थ ओळखतात.

गंधाच्या साहाय्याने दिशा शोधण्याचे अभिजात उदाहरण म्हणजे उत्तर अमेरिकेतील सामन मासा. तो डोंगरी ओढ्यात जन्मतो, समुद्रात वाढतो आणि प्रजननासाठी त्याच ओढ्यात परततो. विस्कॉन्सिन विद्यापीठातील आर्थर हॅस्लर व वॉरन विस्बी यांनी १९५१ मध्ये असे मत मांडले, की प्रत्येक ओढ्याला तेथील माती व वनस्पतींमुळे स्वत:चा गंध असतो आणि तो पिलाच्या स्मृतीवर कायमचा कोरला जातो. वॉशिंग्टन राज्यातील इसाक्वा ओढ्याच्या दोन शाखांत परतलेले मासे पकडून त्यांनी ते संगमाच्या खाली पुन्हा सोडले. नाक मोकळे असलेले मासे बहुतांशी आपापल्या शाखेकडे वळले. नाकात बोळे घातलेल्या माशांना मात्र हा भेद करता आला नाही.

१९७० च्या दशकात मिशिगन सरोवराच्या परिसरात याहून निर्णायक प्रयोग झाला. संवर्धन केंद्रातील पिलांना मॉर्फोलीन नावाच्या, त्या पाण्यात नैसर्गिकरीत्या नसलेल्या रसायनाच्या अत्यल्प मात्रेत ठेवून नंतर सरोवरात सोडण्यात आले. सुमारे दीड वर्षाने एका अनोळखी ओढ्यात तेच रसायन सोडल्यावर परतणाऱ्या माशांपैकी बहुसंख्य मासे त्या ओढ्यात शिरले. ओढ्याची खूण त्याच्या गंधात असते, हे यावरून निश्चित झाले.

गंधाचा आणखी एक उपयोग संरक्षणाचा आहे. एखाद्या माशाला इजा झाली की त्याच्या त्वचेतून एक भयसूचक द्रव्य पाण्यात उतरते. त्याचा वास येताच जवळचे मासे स्तब्ध होतात किंवा पळ काढतात. याचाही शोध फॉन फ्रिश यांनीच लावला.

५. विद्युत् व चुंबकीय संवेदन

मुशी व पाकट यांच्या तोंडाभोवती सुईच्या टोकाने टोचल्यासारखी छिद्रे दिसतात. त्यांच्या आत जेलीने भरलेल्या नलिका असतात. स्टेफानो लोरेन्झिनी यांनी १६७८ मध्ये त्यांचे वर्णन केले, पण त्यांचे कार्य कळण्यास जवळपास तीनशे वर्षे लागली. १९७१ मध्ये ए. जे. काल्माइन यांनी वाळूखाली एक चपटा मासा पुरून ठेवला. मुशीने तो अचूक उकरून काढला. मग गंध अडवणारे पण वीज जाऊ देणारे आवरण घातले, तरी मुशी नेमकी तेथेच पोहोचली. वीज अडवणारा पातळ प्लास्टिकचा पडदा घालताच तिला मासा सापडेना. शेवटी माशाऐवजी वाळूत क्षीण विद्युत्‌प्रवाह सोडणारे अग्र पुरले, तेव्हा मुशीने त्यावरच हल्ला केला. प्रत्येक सजीवाच्या शरीराभोवती क्षीण विद्युत् क्षेत्र असते आणि मुशीला ते जाणवते. मार्जारमीनांनाही अशी क्षमता आहे. गढूळ तळाशी रात्री खाद्य शोधणाऱ्या आपल्या शिंगाळ्यांना तिचा उपयोग होतो.

काही मासे स्वत:च वीज निर्माण करून परिसर चाचपतात. आफ्रिकेतील जिम्नार्कस हा मासा शेपटीतून अखंड क्षीण स्पंदने सोडतो, हे हान्स लिसमन यांनी १९५१ मध्ये दाखवले. भोवतालच्या वस्तूंमुळे या क्षेत्रात पडणारा फरक ओळखून तो काळोखात उलट्या दिशेनेही सफाईने पोहतो.

खुल्या महासागरात मात्र ना तळ जवळ असतो, ना किनारा. तेथे पृथ्वीचे चुंबकीय क्षेत्र उपयोगी पडते. त्याची तीव्रता स्थळपरत्वे सुमारे २५ ते ६५ मायक्रोटेस्ला असते आणि क्षितिजाशी होणारा कोन चुंबकीय विषुववृत्तावर शून्य, तर ध्रुवावर ९० अंश असतो. म्हणजेच प्रत्येक प्रदेशाला एक चुंबकीय ओळख असते. कॅनडातील फ्रेझर नदीच्या मुखासमोर व्हँकूव्हर बेट आडवे पसरले आहे. परतणारे सॉकाय सामन त्याला उत्तरेकडून किंवा दक्षिणेकडून वळसा घालतात. नेथन पुटमन व सहकाऱ्यांनी ५६ वर्षांच्या मत्स्योत्पादन नोंदी तपासून २०१३ मध्ये दाखवले, की दोहोंपैकी ज्या मार्गाचे त्या वर्षीचे चुंबकीय मूल्य, मासे समुद्रात उतरताना नदीमुखाशी असलेल्या मूल्याच्या जवळ असते, तिकडून अधिक मासे येतात. समुद्राचे तापमानही या निवडीवर परिणाम करते. ही संवेदना शरीरात नेमकी कोणत्या पेशींत आहे, याविषयी शास्त्रज्ञांत अद्याप एकमत नाही.

६. संवेदनांची साखळी

वरील विवेचनावरून एक महत्त्वाची गोष्ट ध्यानात येते. माशाचे दिशाज्ञान कोणत्याही एका इंद्रियावर अवलंबून नाही. प्रत्येक संवेदनेचा स्वत:चा पल्ला आहे. शेकडो-हजारो किलोमीटरांसाठी चुंबकीय क्षेत्र, काही किलोमीटरांपर्यंत ध्वनी, नदीच्या मुखापासून उगमाकडे गंध, शरीराच्या एक-दोन लांबींत पार्श्वरेषा आणि अगदी जवळच्या टप्प्यात वीज, असा हा क्रम साधारणपणे सांगता येईल. सर्व जातींत सर्व दुवे नसतात. परंतु जिथे दीर्घ प्रवास आहे तिथे एका संवेदनेने आणून सोडलेल्या ठिकाणापासून दुसरी संवेदना पुढची वाट दाखवते. सामनला चुंबकीय जाण नदीच्या मुखापर्यंत आणते, पण ओढा ओळखण्याचे काम नाकाचेच असते. मधला एक दुवा निखळला तर बाकीचे शाबूत असूनही प्रवास अपुरा राहतो.

७. साखळी तुटते तेव्हा

मानवी हस्तक्षेपाचा विचार या साखळीच्या संदर्भात केला पाहिजे. धरण व बंधारे मार्ग सरळच अडवतात. १९७५ मध्ये गंगेवर फराक्का बंधारा कार्यान्वित झाल्यानंतर, पूर्वी अलाहाबादच्याही पुढे जाणारा हिलसा वरच्या पात्रातून जवळजवळ नाहीसा झाला. हा अडथळा डोळ्यांना दिसतो. परंतु काही अडथळे असे आहेत, की पाणी वाहते राहते, मासाही जिवंत राहतो, फक्त त्याला वाट कळेनाशी होते.

पहिला अडथळा ध्वनीचा. जहाजांची इंजिने व समुद्रतळाच्या तेलशोधासाठी केले जाणारे हवेचे स्फोट यांचा आवाज नेमका माशांच्या श्रवणाच्या टप्प्यातील, म्हणजे खालच्या पट्टीचा असतो. २००३ मध्ये रॉबर्ट मॅककॉली व सहकाऱ्यांनी अशा स्फोटांच्या सान्निध्यात ठेवलेल्या माशांचे कान तपासले. केशपेशींची मोठी हानी झालेली आढळली आणि ५८ दिवसांनंतरही ती भरून आल्याची चिन्हे नव्हती. हे मासे मेले नव्हते. आंतरराष्ट्रीय सागरी संघटनेने जहाजांचा आवाज कमी करण्याविषयी २०१४ मध्ये मार्गदर्शक तत्त्वे काढली व २०२३ मध्ये ती सुधारली. मात्र ती बंधनकारक नाहीत.

दुसरा अडथळा विजेचा. मुंबईत विजेवर चालणाऱ्या ट्राममुळे कुलाबा वेधशाळेच्या चुंबकीय मापनात व्यत्यय येणार, हे ओळखून १९०४ मध्ये अलिबागला नवी चुंबकीय वेधशाळा उभारण्यात आली. उपकरणे हलवता येतात. समुद्रतळावरील वीजवाहिन्यांजवळ राहणाऱ्या माशांना ही सोय नसते. अमेरिकेच्या किनाऱ्याजवळील प्रयोगांत अशा वाहिनीजवळ पाकटाच्या वर्गातील माशांचे पोहणे बदललेले दिसले आहे.

तिसरा व आपल्या दृष्टीने सर्वांत जवळचा अडथळा रासायनिक आहे. तांबे हा धातू माशाच्या घ्राणपेशींना विशेष बाधक ठरतो. २००७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात कोहो सामनच्या पिलांना दर लिटरमागे २ ते २० मायक्रोग्रॅम तांबे असलेल्या पाण्यात तीन तास ठेवण्यात आले. एवढ्यानेच त्यांची घ्राणशक्ती मंदावली. भयसूचक द्रव्य पाण्यात सोडल्यावर इतर पिले स्तब्ध झाली, पण ही पिले पोहतच राहिली. त्यांच्या अंगावर कोणतीही खूण नव्हती. शिकारी मासा जवळ असता तर त्यांचे काय झाले असते, हे सांगण्याची आवश्यकता नाही. पार्श्वरेषेतील केशपेशीही तांब्यामुळे मरतात, असे झेब्रा माशाच्या पिलांवर आढळले आहे. माशांत केशपेशी पुन्हा उगवण्याची क्षमता असते. परंतु दूषित पाणी सतत वाहत असेल तर या क्षमतेलाही मर्यादा पडतात.

आता आपल्याकडील नियमांकडे वळू. १९८६ च्या पर्यावरण (संरक्षण) नियमांच्या अनुसूची ६ मध्ये सांडपाण्याची सर्वसाधारण मानके दिली आहेत. त्यांतील जैवचाचणीचा निकष असा, की सांडपाण्यात ठेवलेल्या माशांपैकी ९० टक्के मासे ९६ तासांनंतर जिवंत असावेत. तांब्याची कमाल मर्यादा दर लिटरला ३ मिलिग्रॅम, म्हणजे ३,००० मायक्रोग्रॅम आहे. या आकड्याची वरील प्रयोगातील आकड्याशी थेट तुलना करणे योग्य होणार नाही. सांडपाणी नदीत मिसळल्यावर विरल होते. पाण्याचा जडपणा व त्यातील सेंद्रिय द्रव्ये तांब्याची बाधकता कमी करतात. शिवाय सामन हा आपल्याकडील मासा नव्हे. तरीही मूळ प्रश्न शिल्लक राहतोच. ९६ तासांच्या चाचणीत मासा तरंगतो की पोहतो एवढेच पाहिले जाते. त्याला वास येतो का, प्रवाह जाणवतो का, हे ती चाचणी विचारत नाही. वरील प्रयोगातील घ्राण मंदावलेली पिले अशा चाचणीत सहज उत्तीर्ण झाली असती.

महाडची सावित्री आणि लोटे-परशुरामजवळची वाशिष्ठी या नद्यांच्या खोऱ्यांत औद्योगिक वसाहती आहेत. कोकणातील अशा नद्यांच्या उपओढ्यांतच पहिल्या पावसात मासे चढतात. चढणीचे मासे कमी झाले, अशी तक्रार गावोगाव ऐकू येते. त्यामागे अतिमासेमारी, बंधारे, वाळूउपसा, शेतीतील कीटकनाशके अशी अनेक कारणे असू शकतात आणि त्यांपैकी कोणाचा वाटा किती हे मोजल्याशिवाय सांगता येत नाही. परंतु मोजायचे काय, हे आधी ठरले पाहिजे. केवळ मेलेले मासे मोजले, तर वाट चुकलेले मासे गणतीत येणारच नाहीत.

निष्कर्ष :
१) पाण्यात प्रकाशाची मर्यादा असल्याने माशांनी प्रवाह, दाब, ध्वनी, गंध, वीज व चुंबकत्व या सर्वांचा दिशाज्ञानासाठी उपयोग केला आहे.
२) पार्श्वरेषा व अंतर्कर्ण या दोहोंत केशपेशी हेच मूलभूत एकक आहे. त्यामुळे तिला बाधा आणणारा घटक एकाच वेळी दोन संवेदनांवर परिणाम करू शकतो.
३) निरनिराळ्या संवेदना निरनिराळ्या अंतरांवर काम करतात व त्यांची मिळून एक साखळी होते.
४) ध्वनी, विद्युत् व रासायनिक प्रदूषण मासा न मारताही ही साखळी तोडू शकते.
५) जीवित राहण्यावर आधारलेली जैवचाचणी आवश्यक आहे, पण पुरेशी नाही. घ्राणप्रतिसाद, प्रवाहाभिमुख पोहणे व भयप्रतिसाद या वर्तनाधारित चाचण्यांची तिला जोड द्यावी.

समारोप :
वर्तनाधारित चाचण्यांना फार महागडी उपकरणे लागत नाहीत. वाहत्या पाण्याची एक नळी, काही स्थानिक जातींचे मासे व काटेकोर निरीक्षण यांच्या बळावर प्राणिशास्त्राच्या पदव्युत्तर प्रयोगशाळेतही त्यांची सुरुवात करता येईल. कोकणातील व सह्याद्रीच्या पायथ्याशी असलेल्या महाविद्यालयांना तर अभ्यासाचे क्षेत्र दाराशीच उपलब्ध आहे. आपल्या नद्यांतील कोणता मासा किती तांब्यापर्यंत गंध ओळखतो, कोणत्या प्रवाहात तोंड वळवतो, अशा नोंदी स्थानिक जातींसाठी तयार झाल्या, तर नियम ठरवणाऱ्यांनाही सामनच्या आकड्यांवर विसंबून राहावे लागणार नाही. नदीत पाणी आहे आणि त्यात मासा आहे, एवढ्याने नदी जिवंत ठरत नाही. त्या माशाला आपल्या पाण्यात वाट सापडत असेल, तरच ती नदी त्याच्यासाठी नदी असते.